नाशिकहून कॉमिक कॉनला पहिलं टेबल लावताना

दिवसा मी सातपूरच्या एका कारखान्यात सुट्या भागांची ड्रॉइंग करते आणि रात्री कॉमिक काढते. माझी पहिली गोष्ट गंगापूर रोडच्या सोसायटीत शिरलेल्या बिबट्याची आणि तिथल्या रात्रपाळीच्या वॉचमनची. ती घेऊन मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये विक्रीचं टेबल लावायचं ठरवलं, तेव्हा विचारायला ओळखीचं कोणीच नव्हतं. पत्रिका छापणाऱ्यापासून सीएपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘म्हणजे नक्की काय करायचंय तुम्हाला?’ आता तीन वेळा जाऊन आले आहे. ज्या चुकांना पैसे पडले त्या तरी तुम्ही करू नका, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी थोडी ओळख. कॉमिक कॉन म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांची जत्रा. भारतात कॉमिक कॉन २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटला पहिल्यांदा भरलं. आता ते मुंबई-पुण्यासह बऱ्याच शहरांत भरतं. हॉलमध्ये मोठ्या कंपन्यांचे स्टॉल, गेमिंग, स्टेज, कॉसप्ले करून, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून आलेली मुलं, असा सगळा गलका असतो. त्यातच स्वतः काढून स्वतः विकणाऱ्यांची टेबलांची एक रांग असते, तिला आर्टिस्ट अ‍ॅली म्हणतात. आपण बसायचं तिथे.

१. आधी एक गोष्ट संपवा

अर्ज करण्याआधी एक गोष्ट शेवटच्या पानापर्यंत पूर्ण हवी. बारा पानांची असली तरी चालेल. ‘भाग १’ घेऊन बसलात की समोरचा पहिला प्रश्न टाकतो, ‘दुसरा कधी?’ त्याला खरं उत्तर देता येत नाही आणि तो पुस्तक परत ठेवतो. माझ्या शेजारच्या टेबलावर एका मुलाची चित्रं माझ्यापेक्षा कितीतरी सरस होती, पण त्याच्याकडे सात गोष्टींची सात पहिली प्रकरणं होती. लोक उचलायचे, चाळायचे, खाली ठेवायचे.

स्टिकर, प्रिंट, बुकमार्क जरूर ठेवा, त्यातून टेबलाचं भाडं सुटायला मदत होते. पण घरी जाऊन तुमचं नाव लक्षात राहतं ते गोष्टीमुळे.

२. अर्ज

तारखा आणि जागा दरवर्षी बदलतात. आयोजकांच्या साइटवर आणि इन्स्टाग्रामवर लक्ष ठेवा आणि कार्यक्रमाच्या चार-पाच महिने आधीपासून बघायला लागा. टेबलं मोजकी असतात आणि निवड तुमचं काम पाहून होते. फॉर्ममध्ये साधारणपणे कामाचे नमुने, काय काय विकणार याची यादी, पॅन आणि जीएसटी असेल तर त्याचा क्रमांक मागतात.

नमुन्यांत सुटी चित्रं भरू नका, सलग चार पानं द्या. निवडणाऱ्याला गोष्ट सांगता येते का ते बघायचं असतं.

पैसे भरण्याआधी हे वाचून घ्या: टेबलाचं माप, खुर्च्या किती, पास किती, वीज भाड्यात आहे की वेगळी, मागे बॅनर उभा करायला जागा आहे का, आणि रद्द केलं तर परत काय मिळतं. भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. लिहिलेला आकडा तो धरून आहे की सोडून, हे मी पहिल्या वर्षी पाहिलं नव्हतं.

३. छपाई

सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात, म्हणून सविस्तर सांगते.

पानांची संख्या. मधे पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीतच येतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. मी मोठ्या अभिमानानं तीस पानांची फाइल घेऊन शालिमारच्या छापखान्यात गेले. दुकानातल्या दादांनी पानं मोजली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, ‘ताई, तीस पानं पिनेत कशी बसवू? अठ्ठावीस करा नाहीतर बत्तीस.’ दोन पानं काढवेनात. शेवटी वॉचमनच्या डब्याचा एक प्रसंग वाढवला, आणि आज वाचणारे त्याच प्रसंगावर हसतात. पण तुम्ही कच्च्या आराखड्यातच पानं मोजा.

आकार. ए-५, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, सुरुवातीला सोयीचा. मोठ्या कागदातून तो वाया न जाता निघतो आणि पिशवीत सहज मावतो. चित्र चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त काढा, तो भाग कटिंगमध्ये जातो. संवाद मात्र कडेपासून ८-१० मिलिमीटर आत ठेवा. फाइल ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके, ते माप), नुसत्या काळ्या रेषेचं काम असेल तर ६००.

रंग. पडदा उजेडातून रंग दाखवतो, छपाई चार शाईंतून. माझ्या गोष्टीत रामकुंडावरच्या रात्रीचं एक पान आहे. टॅबवर ते निळं असं झगझगत होतं की मीच बघत बसायचे. छापून आलं ते जांभळट आणि मेलेलं, दिव्यांची प्रतिबिंबं तर चिखलात गेल्यासारखी. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे त्या चार शाईंच्या रंगांत ठेवा आणि गडद पानं नेहमीपेक्षा थोडी उजळ करा. त्याहून महत्त्वाचं, सगळ्या प्रती छापण्याआधी एक प्रत त्याच मशीनवर, त्याच कागदावर काढून घ्या. ती बाहेर नेऊन उन्हात बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको.

कागद. आतली पानं १३० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी) गुळगुळीत आर्ट पेपर, मुखपृष्ठ २५० ते ३००, वर मॅट लॅमिनेशन. काळं-पांढरं काम असेल तर साधा, चकाकी नसलेला मॅपलिथो कागद घ्या. स्वस्त पडतो, आणि माझ्या मते शाईच्या रेषेला तोच शोभतो.

किती प्रती? ऑफसेट छपाईला प्रत्येक रंगाची प्लेट करावी लागते, त्यामुळे साधारण पाचशेच्या खाली परवडत नाही. पहिल्या वेळी प्लेट न लागणाऱ्या डिजिटल मशीनवर १०० ते २०० काढा. छापणारा सांगेल की पाचशे काढल्या तर प्रत निम्म्यात पडते. खरं आहे, पण उरलेल्या तीनशे तुमच्या पलंगाखाली राहणार आहेत.

आता नाशिकवाल्यांनी ध्यानात ठेवायची गोष्ट. कार्यक्रम डिसेंबरच्या आसपास असेल, तर त्याआधीचे महिने छापखान्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. दिवाळी झाली की कॅलेंडरं आणि डायऱ्या, तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका. निवडणूक आली तर विचारूच नका. तुमच्या दीडशे प्रती ‘उद्या देतो’च्या ढिगात जातात. मला एका ठिकाणी असंच अकरा दिवस झुलवलं आणि शेवटी ओल्या लॅमिनेशनचे गठ्ठे हातात ठेवले, पन्नासेक मुखपृष्ठं एकमेकांना चिकटलेली. फाइल दसऱ्याआधी द्या. पुस्तकं हातात आल्यावर प्रत्येक प्रत उघडून बघा, कारण उलटं बांधलेलं पान तुमच्याआधी गिऱ्हाइकाला सापडतं.

४. मराठी अक्षरांचा वेगळा जाच

मराठीत कॉमिक काढणाऱ्यांनी हे नीट वाचा. चित्रकलेची बरीच सॉफ्टवेअर देवनागरी धड जुळवत नाहीत. जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. ‘शक्ती’चं ‘शक् ती’ होतं आणि ‘बिबट्या’ची वेलांटी पलीकडच्या अक्षरावर जाते. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये असं दिसलं, तर सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू करा.

तुमच्याकडे बरोबर दिसलेलं छापखान्यातही तसंच दिसेल याची खात्री धरू नका. तिथल्या संगणकावर तुमचा फाँट नसतो. मजकूर शेवटी आउटलाइनमध्ये बदला, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि फाँट लागत नाही, आणि पीडीएफ द्या. मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल मात्र घरी ठेवा, कारण शुद्धलेखनाची चूक छापल्यानंतरच दिसते, हा नियम आहे.

फाँट मुक्त परवान्याचे वापरा. बलू किंवा मुक्त हे युनिकोड आहेत, फुकट आहेत आणि विकायच्या पुस्तकातही चालतात. मराठी संवादाचा फुगा इंग्रजीपेक्षा उंच लागतो, कारण वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार. दोन ओळींत हवा ठेवली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात अडकतो. म्हणून मी आधी संवाद लिहिते, मग त्याच्याभोवती फुगा काढते. शक्य असेल तर हातानेच अक्षरं काढा, दोन रात्री जास्त जातील.

५. कागद, कर, हक्क

हे पटकन उरकते. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. पोस्टर, स्टिकर, मग, टी-शर्ट यांच्यावर आहे. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, त्यामुळे मुंबई-पुण्याला आपण निवांत. बंगळूर किंवा दिल्लीला करपात्र माल विकायला जाणार असाल, तर तिथे तात्पुरता करदाता म्हणून नोंदणीचा प्रश्न येतो. ती किमान पाच दिवस आधी करायची, कर आगाऊ भरायचा, मुदत एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवस. जाण्याआधी सीएशी दहा मिनिटं बोला. नुसती पुस्तकंच विकणार असाल तर ही कटकट नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, टेबलावर लागत नाही, पण पुढे दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक ठेवायचं असेल तर हवा. भारतात तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो. त्याचे पैसे मागणारे ‘एजंट’ भेटतील, त्यांना नमस्कार करा. वेळ मात्र लागतो, म्हणून छपाईच्या आधीच अर्ज करा.

कॉपीराइट चित्र काढताक्षणी तुमचाच असतो. नोंदणी सक्तीची नाही, पण करायची असेल तर कलाकृतीला पाचशे रुपये शुल्क आहे. हेच दुसऱ्यांच्या पात्रांनाही लागू होतं. अ‍ॅनिमे किंवा अमेरिकन सुपरहीरोंची चित्रं छापून विकणारी टेबलं तुम्हाला दिसतील, पण ती पात्रं त्यांच्या मालकांची आहेत, आणि आयोजकांचे नियमही असतात. मी ठेवत नाही. नाशिकात बसून पात्रांचा तोटा कशाला पडावा? पंचवटीत शूर्पणखा आहे, सीतागुंफा आहे, त्र्यंबकला जन्मलेले फाळके आहेत. आणि बिबट्या तर स्वतःहून दारात येतो.

बरोबर ठेवायचे कागद: आधार आणि पॅन, टेबलाच्या पैशांची पावती, निवड झाल्याचा मेल छापून (हॉलच्या दारात नेटवर्क नसतं), छपाईचं बिल, आणि विकायच्या वस्तूंची किमतींसह यादी.

६. किंमत ठरवताना

समजा प्रत छापायला ७० रुपये पडली आणि किंमत १५० ठेवली, तर प्रतीमागे ८० उरतात. टेबल, प्रवास, राहणं, जेवण मिळून १२ हजार गेले, तर ते भरून यायला १५० प्रती विकाव्या लागतील. पहिल्या वेळी दोन-तीन दिवसांत इतक्या जात नाहीत. म्हणून वीस-पन्नास रुपयांच्या वस्तू लागतात. पहिल्या वर्षी खर्च निघाला तर पेढे वाटा.

किमती शून्यावर संपवा, १४९ वगैरे नको. सुट्या पैशांनी जीव जातो.

७. घरीच एकदा टेबल लावून बघा

जेवणाच्या टेबलावर चादर टाकून सगळं मांडा आणि दाराजवळून फोटो काढा. मी पुस्तकं आडवी पसरली होती, फोटोत नुसती चादर दिसत होती. लोक चालता चालता बघतात, त्यामुळे माल उभा हवा. स्टीलचा भांड्यांचा स्टँड चांगला चालतो. आईचा घेतला होता, अजून परत दिलेला नाही.

त्याआधी कॉलेजच्या फेस्टमध्ये किंवा एखाद्या पुस्तक प्रदर्शनात अर्धा दिवस बसून बघितलं तर फारच चांगलं. आपल्याला अनोळखी माणसाशी बोलता येतं की नाही ते घरच्या गावात कळलेलं बरं.

सामान असं: साधी एकरंगी चादर, पुस्तकांचे स्टँड, ठळक अक्षरांत किमतीच्या पाट्या, छापलेला क्यूआर दोन प्रतींत, पॉवर बँक, सेलोटेप आणि दोरी, कात्री, सही करायला न पसरणारं पेन, कागदी पिशव्या, दहा-वीस-पन्नासच्या सुट्या नोटा, हिशेबाची वही, पाणी. चिवडा नेऊ नका. नाशिककराला हे सांगणं जड जातं, पण तेलकट बोटं आणि मॅट लॅमिनेशन यांचं जमत नाही.

८. प्रवास

मांडणी सहसा आदल्या दिवशी किंवा अगदी सकाळी करायची असते, त्यामुळे पहिल्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन टेबल लावू हा विचार सोडा. आदल्या दिवशी निघा. वजनाचा अंदाज सांगते. मुखपृष्ठ धरून ३६ पानांची ए-५ प्रत साधारण ८० ग्रॅमची होते, दोनशे प्रतींचे १६ किलो. रेल्वेत सेकंड क्लासला ३५ किलोपर्यंत सामान फुकट नेता येतं, म्हणजे नियमाची अडचण नाही. अडचण दादरच्या जिन्याची आहे. दोन खोके करा, एकच मोठा नको.

खोक्यांसाठी द्राक्षांचे रिकामे पुठ्ठ्याचे बॉक्स आपल्याकडे सहज मिळतात आणि मजबूतही असतात. पण त्यांना हवेसाठी भोकं असतात, म्हणून आत प्लास्टिकची पिशवी घाला. आणि वास घेऊन बघा, माझ्या पहिल्या गठ्ठ्याला दोन दिवस गोडसर वास येत होता.

९. टेबलावर

एक प्रत ‘वाचायला’ म्हणून ठेवा आणि तसं मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहा. नाहीतर लोक हात लावायला बिचकतात. त्या प्रतीचे कोपरे मुडपू द्या.

गोष्ट एका वाक्यात सांगता यायला हवी. पहिल्या दिवशी सकाळी मी ‘शहरीकरण आणि वन्यजीव यांच्यातलं नातं’ वगैरे सांगत होते, समोरची माणसं मान डोलावून पुढे जात होती. धाकटा भाऊ सोबत आला होता. दुपारी मी जेवायला गेले तेव्हा त्यानं आपलं सुरू केलं, ‘बिबट्या सोसायटीत शिरतो, आणि वॉचमनकडे फक्त शिट्टी असते.’ मी परत येईपर्यंत नऊ प्रती गेल्या होत्या. तेव्हापासून मी तेच वाक्य वापरते.

बोलायला मराठीतून सुरुवात करा. मुंबईच्या हॉलमध्ये सगळे इंग्रजी-हिंदीत बोलत असतात, त्यामुळे मराठी ऐकून माणसं थबकतात. मुलांना घेऊन आलेले आई-वडील आपलं हक्काचं गिऱ्हाईक. एक काका बराच वेळ उभे राहून वाचत होते. म्हणाले, ‘मराठीत आहे होय? आमच्या वेळी इंद्रजालमध्ये वेताळ यायचा मराठीत. नंतर काही दिसलंच नाही.’ १९६४ ला सुरू झालेली ती इंद्रजाल कॉमिक्स (वेताळ म्हणजे त्यातला फँटम) वाचलेली पिढी आज नातवंडांना घेऊन येते. काकांनी तीन प्रती घेतल्या.

पैशांच्या बाबतीत सावध राहा. गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून दोन कंपन्यांची सिम ठेवा. गोंगाटात साउंडबॉक्स ऐकू येत नाही, आणि ‘झालं पेमेंट’ म्हणून दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे. पैसे आल्याचं स्वतःच्या फोनवर दिसलं की मगच पुस्तक पिशवीत. मी भिडेखातर दोनदा फसले आहे.

सही करण्याआधी नाव कसं लिहायचं ते विचारा. ‘श्रेया’ की ‘श्रिया’ यात एक प्रत वाया गेली.

टेबलासमोर कॉसप्लेवाल्यांचे फोटो सुरू झाले की तुमचा माल झाकला जातो. रागवू नका, हसून दोन पावलं सरकायला सांगा. त्यांच्यातलेही घेतात. ‘फिरून येतो’ म्हणणारे बहुतेक येत नाहीत, त्यांच्या हातात कार्ड द्या आणि विसरून जा. एकट्यानं जाऊ नका. जावंच लागलं तर शेजारच्या टेबलाशी सकाळीच ओळख करून घ्या, जेवायला आणि बाथरूमला पाळीपाळीनं जावं लागतं. संध्याकाळी एकमेकांची पुस्तकं अदलाबदल करायची पद्धत आहे, त्यासाठी पाच-सहा प्रती धरून ठेवा. पुढच्या वेळी चांगला छापखाना कुठला, हे तिथेच कळतं.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर माणसं भाव पाडून मागतात. पुस्तकाची किंमत कमी करू नका, वर एक स्टिकर द्या.

१०. परत आल्यावर

विक्रीची वही त्याच आठवड्यात जुळवा. काय गेलं, काय नुसतं हाताळलं गेलं, कोणत्या वेळी गर्दी होती, हे महिन्यानं आठवत नाही. उरलेल्या प्रती शाळांच्या आणि गावातल्या वाचनालयांत दाखवा, पोस्टानं मागणाऱ्यांना लगेच पाठवा.

आणि ती ‘वाचायला’ ठेवलेली प्रत टाकू नका. माझ्या पहिल्या प्रतीचं अकरावं पान सगळ्यात मळलेलं आहे, बोटांचे ठसे आहेत, एका कोपऱ्यात आइस्क्रीमसुद्धा. त्या पानावर बिबट्या लिफ्टमध्ये शिरतो आणि दार बंद होतं. दुसऱ्या आवृत्तीला मी तेच चित्र मुखपृष्ठावर घेतलं.